विसर्जनापर्यंतचे अधिकार

आमच्या चाळीच्या गणपतीतलं मुलांचं नाटक भाऊ लिहायचे हे आसपासच्या सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं, आणि ते नाटक मुलांना अजिबात कळत नाही हेही ठाऊक होतं. भाऊ म्हणजे माझे वडील. दिवसभर एका कंपनीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन जगाच्या इतिहासात डोकं घालायचं, असा त्यांचा संसार. इतर चाळींतली मुलं कृष्ण-सुदामा, वाघ-कोल्हा असली सुखाची नाटकं करायची. आम्ही एका वर्षी फ्रान्सची राज्यक्रांती केली होती, आणि राणीचं डोकं म्हणून वापरलेला नारळ दुसऱ्या दिवशी आईनं मोदकांच्या सारणात घातला होता. त्यामुळे भाऊंनी त्या श्रावणात जेवताना जाहीर केलं, की या खेपेला दोन महायुद्धांच्या मधली वीसेक वर्षं घ्यायची, युरोपातल्या एकेका देशानं स्वतःला एकेका माणसाच्या हाती कसं दिलं ते दाखवायचं, तेव्हा आईनं ताटातला भात कालवता कालवता एवढंच विचारलं, "कपडे काय लागतील?"

आमच्याकडे बिरडं असलं की आदल्या संध्याकाळपासून घर कामाला लागायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात मधोमध ठेवायची आणि आई, आत्या, मी, शेजारची जी कुणी दारातून डोकावेल ती, अशा सगळ्यांनी सोलत बसायचं. सालीतून वाल निसटताना एक बारीकसा ओला आवाज होतो, तो अजून माझ्या कानात आहे. या परातीभोवती भाऊंचा इतिहास चालायचा. जर्मनीत पैशाची किंमत इतकी उतरली की पाव आणायला लोक टोपलीभर नोटा घेऊन जायचे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे टोपली नोटांना आणि पाव खिशात. उलटंच सगळं." मग बेकारांच्या रांगा, काळे शर्ट घालून रस्त्यावर फिरणाऱ्या टोळ्या, आणि लोकांनीच निवडून दिलेल्या सभेनं हात वर करून आपलेच अधिकार एका माणसाला देऊन टाकले ती गोष्ट. "ते काही आकाशातून पडले नाहीत," भाऊ दरवेळी सांगायचे, "लोक कंटाळले होते. कुणीतरी एकानं सगळं बघावं असं त्यांना वाटत होतं."

आत्या भाऊंची थोरली बहीण, लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. घरातलं शेवटचं न्यायालय तीच. तिनं एकच अट घातली, "त्या मेल्यांची नावं माझ्या गणपतीसमोर घ्यायची नाहीत." अपील नव्हतं. तेव्हा नाटकात ते झाले इटलीवाला, जर्मनीवाला आणि रशियावाला, म्हणजे भंगारवाला किंवा कल्हईवाला असावा तसे. खरं सांगते, पुढे कॉलेजात इतिहासाच्या पेपरात मला खरी नावं लिहिताना क्षणभर अडखळायला व्हायचं. रशियावाल्याच्या प्रवेशात एक वाक्य होतं, की हा आधी पक्षाचा नुसता चिटणीस होता, याद्या करायचं कंटाळवाणं काम कुणालाच नको होतं म्हणून ते त्यानं आनंदानं घेतलं. ते ऐकून आमच्या मंडळाचे चिटणीस दोन दिवस भाऊंशी बोलले नाहीत.

मी तेव्हा सोळा वर्षांची, मुलांत सगळ्यात मोठी, म्हणून सुमाताई. माझी जिवाभावाची मैत्रीण फिलू, म्हणजे फिलोमिना, आमच्या चाळीतली नव्हती. ती खोताच्या वाडीतली. तिची आई, अ‍ॅग्नेस आंटी, कपडे शिवायची, आणि आमच्या नाटकाचे कपडे शिवून घ्यायला मी जायला लागले तेव्हापासूनची आमची गट्टी. फिलूचं अक्षर छापल्यासारखं होतं. आमच्या बालमंडळाची पाच जणांची कमिटी होती, मोठ्यांची नक्कल करून काढलेली, आणि तिला ठरावांची एक वही होती. ती वही दोन वर्षं फिलूच लिहीत होती. 'वेफर्स की चिवडा, मतदान होऊन चिवडा' असले ठराव. त्या वर्षी मात्र पहिल्यांदाच भाऊंनी तिला नाटकात काम दिलं. मोठ्या सभेत सगळे जर्मनीवाल्यापुढे हात वर करतात तेव्हा एक म्हातारा शाळामास्तर कोटाच्या खिशात हात घालून उभा राहतो, आणि दोन शिपाई येऊन त्याला घेऊन जातात. तीनच वाक्यं होती. पण वाडीतून आमच्या गणपतीत रंगमंचावर उभं राहणारी ती पहिलीच, त्यामुळे तिच्या घरी त्या तीन वाक्यांचं केवढं कौतुक. वडिलांचा जुना कोट आंटीनं उसवून तिच्या मापाचा करायला घेतला होता.

तालमी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाल्या आणि आठवड्याभरात भाऊंना ऑफिसनं कामासाठी नागपूरला पाठवलं. पंधरा दिवसांकरता. जाताना ते मला म्हणाले, "तू बघ गं जरा." हे 'जरा' मी ऐकलंच नाही. पण सुरुवातीला बघण्यासारखं काही नव्हतंच, नुसता गोंधळ. जर्मनीवाला झालेला बबन मिशी लावली की स्वतःच खुदखुदायचा. इटलीवाल्याला क्रिकेटसाठी खालून हाका यायच्या. बूट वाजवत चालायचा सराव सुरू झाला की खालच्या बिऱ्हाडातल्या काकू वर येऊन ओरडायच्या, फळीवरचे डबे नाचतात म्हणून. कमिटी रोज भरायची आणि रोज भांडायची. एके दिवशी तासभर वाद घालून आधी इटली की आधी जर्मनी हेसुद्धा ठरेना, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "विसर्जनापर्यंत सगळे अधिकार मला द्या. कमिटी नंतर भरवू."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुटलो बुवा, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. मी सोडून एकवीस मुलांतले वीस हात वर झाले, त्यात कमिटीच्या उरलेल्या चौघांचेही. फिलूनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "विरोधात पण लिहायचं ना गो?" मी म्हटलं, "लिही की." तिनं लिहिलं, 'एक विरोधात,' आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं. आम्ही सगळे हसलो. ती पण हसली. नाटकात जे करणार होतो तेच आम्ही नुकतंच केलं होतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि नाटकाची वही तर माझ्या मांडीवर उघडी होती.

खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. शाळेच्या पी.टी.च्या बाईंसारखी मी एक शिट्टी आणली. उशिरा येणाऱ्यांची नावं जिन्याजवळच्या फळ्यावर लागायला लागली. मग कोण तालमीला दांडी मारून कुठे खेळतंय ते कळावं म्हणून दोन चिल्ल्यापिल्ल्यांना मी निरीक्षक नेमलं. त्यांना बक्षीस आवळासुपारी. ते दोघं इतके तत्पर निघाले की आपल्या सख्ख्या भावांची नावं आधी आणायचे. चार दिवसांत तालीम अशी सरळ झाली की शिट्टी वाजली की वीस पाय एकदम उचलायचे. चाळीतली मोठी माणसं मुद्दाम गच्चीवर येऊन बघून जायची. चिटणीस म्हणाले, "पोरीनं काय शिस्त लावलीय! आमच्या मंडळाला पण हीच पाहिजे." त्या रात्री मला आनंदानं झोप येईना. आज सत्तरी ओलांडल्यावर सांगायला हरकत नाही, पुढे मी शाळेत मुख्याध्यापिका झाले, सत्कार झाले, नारळ-शाली मिळाल्या, पण त्या पंधरा दिवसांसारखी हवा डोक्यात पुन्हा कधी गेली नाही.

फिलू रोज वेळेवर यायची, आपली तीन वाक्यं म्हणायची आणि रोज एकदा विचारायची, "सुमा, फळ्यावर नावं लावायचं कुणी ठरवलं?" किंवा "निरीक्षक कधी निवडले गो?" भांडून नाही, साधं, वेळ विचारावी तसं. म्हणूनच ते मला जास्त झोंबायचं. एके दिवशी छोट्या पिंटूला मी उशीर झाला म्हणून कान धरून उभं केलं होतं, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "त्याला सोड. त्याच्या आईनं त्याला नळावर पाण्याला उभं केलं होतं. तू विचारलंस का त्याला?" मग ती मुलांकडे वळली. "तुम्ही पण विचारा ना रे काहीतरी."

मी शिट्टी वाजवली. नाटक लांबतंय, मी म्हटलं, शाळामास्तराचं काम कापलंय. आणि तालमीत शिस्तभंग करणाऱ्यानं उद्यापासून यायचं नाही. फिलू क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बाकीच्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. बबन मिशीचा डिंक खरवडत होता. इटलीवाला बुटाची नाडी बांधत होता, खरं तर बांधलेलीच होती. कमिटीचे चौघं आपापली वाक्यं पुटपुटत होते. तिनं ठरावांची वही कठड्यावर ठेवली आणि जिना उतरून गेली. मी म्हटलं, "चला, पुन्हा पहिल्यापासून," आणि वीस पाय एकदम उचलले गेले.

दोन दिवसांनी अ‍ॅग्नेस आंटीनं सगळे कपडे शिवून पाठवले. काळे शर्ट, टोप्या, शिपायांचे पट्टे, सगळं इस्त्री करून, नावांच्या चिठ्ठ्या लावून. एक कोट तेवढा नव्हता. निरोप काही नव्हता, तक्रार नव्हती. मी ते गाठोडं सोडलं आणि मला पहिल्यांदा लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि शिट्टी खाली ठेवणं वेगळं.

भाऊ नागपूरहून आले ते नाटकाच्या तीन दिवस आधी. संत्राबर्फीचा पुडा आईच्या हातात देऊन ते तसेच गच्चीवर आले. आम्ही त्यांना अख्खं नाटक करून दाखवलं, एकही चूक नाही. मी कौतुकाची वाट बघत उभी. भाऊंनी चष्मा पुसला.

"मास्तर कुठाय?"

"कापला. लांबत होतं."

"कमिटीनं कापला?"

"कमिटी नाहीये. विसर्जनापर्यंत सगळे अधिकार माझ्याकडे आहेत. ठराव झालाय, हात वर करून." मी वही पुढे केली.

भाऊंनी ते पान वाचलं आणि हसायला लागले. इतके हसले की कठड्याला टेकून खालीच बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलंही हसायला लागली, काय झालं ते कळलं नव्हतं तरी. मग भाऊ हसायचे थांबले. "सुमे," ते म्हणाले, "मी महिनाभर डोकं फोडून लिहिलं, ते तू न लिहिता करून दाखवलंस." मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, मग तुम्ही फिलूला परत बोलवा, तुम्ही सांगितलंत की सगळे ऐकतील. भाऊ उठले, कपडे झटकले. "मी हुकूम काढू? आणि माझं ऐकतील म्हणून? मग फरक काय पडला? तू घातलायस हा घोळ, तूच निस्तर." आणि ते खरंच खाली चहा प्यायला निघून गेले. त्यांचा मला एवढा राग आला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेले. त्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या मला झोपेतही चढता आल्या असत्या, पण त्या दिवशी एकेक पायरी उंच वाटत होती. आंटीचं मशीन चालू होतं. तिनं मान वर केली, "आलीस बाय? बस," आणि फुग्यांची ताटली पुढे सरकवली. त्यांच्याकडे सणाला तळतात ते गोल, पोकळ, किंचित गोड फुगे मला किती आवडतात हे तिला माहीत होतं, आणि नेमका त्या दिवशी मी एकालाही हात लावला नाही. फिलू खिडकीत पाठमोरी बसली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं फिलू. मी फार वाईट वागले. तू परत ये, तुझं काम तसंच ठेवते मी."

"कोण ठेवते?" ती न वळता म्हणाली.

"मी."

"मग नाही येत." आता ती वळली. तिचे डोळे रडलेले होते, पण आवाज अगदी खणखणीत. "तू काढलं म्हणून मी गेली, तू बोलावलं म्हणून मी येणार. परवा परत काढलं तर? मी काय तुझा पडदा आहे, ओढला की वर, सोडला की खाली? सभेनं बोलाव, तर येते."

त्याच संध्याकाळी मी गच्चीवर सभा घेतली. माझे सगळे अधिकार काढून घ्यावेत आणि कमिटी पुन्हा भरवावी, असा ठराव मीच मांडला. मोठं मन वगैरे दाखवत, थोडी स्वतःवर खूशही होत. म्हटलं, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

एकही हात वर झाला नाही.

वीस पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. त्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय, आणि जो हात वर करेल त्याचं नाव फळ्यावर लागणार. मी म्हटलं, अरे खरंच, करा वर! तेव्हा सगळे हात एकदम वर झाले. मी घाबरून म्हटलं, नाही नाही, मी सांगते म्हणून नको! तर सगळे एकदम खाली. शेवटी पिंटूनं कळवळून विचारलं, "ताई, तू शिट्टी वाजव ना, मग आम्ही करतो." आज हे लिहिताना मला हसू येतंय. त्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती. पंधराच दिवस झाले होते हो, आणि ही पोरं वेफर्स की चिवडा यावर एकमेकांच्या उरावर बसणारी!

काय करावं ते सुचेना. शेवटी मी शिट्टी गच्चीवरून मागच्या बोळात भिरकावली, दोन्ही निरीक्षकांना त्यांच्या भावांशेजारी बसवलं आणि म्हटलं, मी खाली जाते. तुमचं तुम्ही ठरवा, ठरलं की सांगा. एक मजला उतरून मी पायरीवर बसले. कुणाच्या तरी घरात खोबरं खवलं जात होतं. मग वरून एक आवाज आला, मग दुसरा, मग बबनचा, आणि मग असा काही कल्ला उठला की खालच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "डबे पडताहेत गं! तुझी शिस्त कुठे गेली?" मी म्हटलं, "गेली काकू." इतका गोड आवाज मी त्यानंतर फक्त मधल्या सुट्टीत ऐकलाय.

पाऊण तासानं बबन घामेघूम होऊन खाली आला. अकरा विरुद्ध नऊ. कमिटी पुन्हा चालू. फिलूला कमिटीतर्फे आमंत्रण, मास्तर नाटकात. आणि मला दिग्दर्शनावरून काढून विंगेत वही धरून वाक्यं सांगायचं काम. "चालेल ना?" तो ओशाळून म्हणाला. मला ती अकरा मतं तेव्हा फार लागली. पण आता विचाराल तर मला राहून राहून ती नऊच आठवतात. मागच्या वर्षी दादरला एका लग्नाच्या हॉलमध्ये बबन भेटला. आता निवृत्त, दोन्ही गुडघे बदललेले. जिलबी खाता खाता म्हणाला, "सुमा, तुला सांगितलं नाही कधी, त्या नवांत मी होतो. अगं, बरं चाललं होतं. डोकं चालवावं लागत नव्हतं." मी त्याला म्हटलं, तुझ्यासारख्या भल्या माणसामुळेच सगळा घोटाळा होतो रे. तो मनापासून हसला आणि त्यानं आणखी जिलबी मागवली.

नाटक आरतीनंतर झालं आणि अगदी भिकार झालं. जर्मनीवाल्याची मिशी पहिल्याच भाषणात सुटली. इटलीवाला उलट्या बाजूनं आला. बुटांची लय तर अशी, की जणू प्रत्येक शिपाई वेगळ्या देशाचा. मी विंगेत वही घेऊन तळमळत होते. मग मोठ्या सभेचा प्रवेश आला. सगळे हात वर झाले, आणि वडिलांच्या कोटात फिलू खिशात हात घालून मधोमध उभी राहिली. तिनं तिची तीन वाक्यं म्हटली. दोन शिपाई आले, त्यांनी तिचे दंड धरले आणि ओढायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्या उठून उभी राहिली. "ए! तिला कुठे नेताय रे? काय केलं तिनं? सोडा तिला!"

भाऊ मागून "अक्का, नाटक आहे, नाटक," म्हणत होते, पण आत्या कसली ऐकतेय. तिच्या शेजारच्या काकू उठल्या, मग त्यांच्या मागची अख्खी रांग. "सोडा रे पोरीला!" शिपाई झाले म्हणून काय, ते होते दहा वर्षांचे. त्यातल्या एकाची आईच उभी राहून ओरडत होती. दोघांनी फिलूचे हात सोडले आणि धूम ठोकली. जर्मनीवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपला वर केलेला हात खाली घेतला.

मी विंगेत घळाघळा रडत होते. आमच्या गच्चीवर वीस जण होते, त्यातल्या एकाला जरी हे सुचलं असतं, आणि मला तर सगळ्यांच्या आधी सुचायला हवं होतं. फिलू मधोमध एकटीच उभी, तिला काय करावं कळेना. तिनं पुढच्या वाक्यासाठी माझ्याकडे पाहिलं. वहीत पुढे फक्त 'मास्तरला घेऊन जातात' एवढंच होतं. मी वही मिटली आणि खुणेनं सांगितलं, तुला हवं ते बोल.

ती दोन पावलं पुढे आली. "थँक्यू," ती लोकांना म्हणाली. "मग मी आता घरी जाते. मला भूक लागली."

लोकांनी जो काही हशा आणि टाळ्या दिल्या! ती विंगेत आली नाही. समोरच्या फळीवरून खाली उडी मारून सरळ लोकांमध्ये गेली. आत्यानं सरकून जागा केली आणि तिच्या हातात मोदक ठेवला. उरलेलं नाटक तिनं तिथेच बसून, आत्याला टेकून पाहिलं.